उजवा कोपरा हवा आहे

कबड्डीच्या मैदानाकडेला जाऊन मी बसले की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतंच, "मावशी, तुमचा कुठला?" म्हणजे ह्या खेळणाऱ्या पोरांतला तुमचा मुलगा कोणता. साठी ओलांडलेली बाई, डोक्यावर टोपी, साडीखाली बूट, मांडीवर शेंगदाण्याची पुडी. ती दुसऱ्या कशाला उन्हात येऊन बसेल? सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायची, की मी एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजातली पोरं हेरते, चांगला दिसला तर त्याचं नाव पुण्याला कळवते. लोक मान डोलावून ऐकायचे आणि परत विचारायचे, "बरं बरं. पण तुमचा कुठला?" शेवटी मी कंटाळले. हल्ली सरळ मैदानाकडं बोट करते आणि म्हणते, "तो माझा." एकदा त्याची खरी आई माझ्या शेजारीच बसलेली निघाली. ती भांडायलाच उठली.

हे काम माझ्याकडं निवृत्तीनंतर आलं. त्याआधी सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, जिमखाना सांभाळण्यात गेली. तरुणपणी स्वतः खेळायचे, उजव्या कोपऱ्यात. निवृत्त झाले आणि राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये चार भिंतींकडं बघत बसायची वेळ आली. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी, जो एका लीगमधल्या संघाच्या ऑफिसात चिकटला होता, त्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, तुम्ही असंही मैदानावर जाऊन बसताच. ह्या वर्षीपासून आमच्यासाठी बसा." आमचे हे पक्के फुटबॉलवाले. त्यांना कबड्डी म्हणजे मारामारीच वाटते. त्यांनी पेपरातनं डोकं वर न काढता विचारलं, "नुसतं बघायचे पैसे देतात?" त्यांचं अजूनही ह्यावर समाधान झालेलं नाही.

टीव्हीवर लिलाव दाखवतात, त्यात मोठ्या नावांच्या बोल्या लागतात, ते सगळ्यांना माहीत असतं. पण लिलावाच्या आधी प्रत्येक संघाला काही कोवळी पोरं शिबिरात पारखून थेट उचलता येतात. ती बहुतेक कॉलेजातलीच असतात. वयाची अट असते, त्यामुळं एखादं वर्ष हुकलं की पोरगं कायमचं हुकतं. आमचं काम ह्या कोवळ्या पोरांचं. बघायचं काय? लोकांना वाटतं गुण मोजायचे. गुण तर कागदावर छापून येतात, त्यासाठी मला कोण कशाला पाठवेल! मी बघते ते बाद झाल्यावर पोरगं बाहेर बसून काय करतं. मातीवर खेळलेलं पोरगं मॅटवर बूट घालून पहिल्यांदा उतरतं, तेव्हा त्याचे पाय काय म्हणतात ते बघते. पंचानं चुकीचा निकाल दिला तर किती वेळ धुसफुसतं, हेही बघते. दहा मिनिटं धुसफुसणारा पोरगा टीव्हीच्या उजेडात अर्धा तास धुसफुसतो.

एक वडील मला मुलाचा व्हिडिओ दाखवायला घरी आले होते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडनं बनवून घेतलेला. पोरानं पकड केली की चित्र हळू व्हायचं आणि मागं ढोल वाजायला लागायचे. मध्येच आकाशातनं गुलाबाच्या पाकळ्यासुद्धा पडत होत्या. मी म्हटलं, "छान आहे. आता हा बाद झालेला दाखवा." ते म्हणाले, "ते कापलं की बाई." मी म्हटलं, "मग तेच घेऊन या." फार लागलं त्यांना. चहा तसाच टाकून गेले. पण आठवड्यानं आले, सगळं कापलेलं शूटिंग घेऊन. मी तासभर बसून बघितलं आणि पोरगं खरोखर बरं निघालं. चढाईत पकडला गेला तरी उठून अंग झाडत मुकाट बाहेर जात होता. त्याची निवड झाली. वडिलांना अजून वाटतं की ती ढोलांमुळंच झाली.

आणि राधानगरीकडच्या त्या चढाई करणाऱ्या पोराची आई तर मी विसरूच शकत नाही. लीगमध्ये वजनाची मर्यादा असते, आणि हा गडी तिच्या थोडा वर गेला होता. मी घरी जाऊन सांगितलं, की जरा दूधतूप कमी करा. आईनं पदर खोचला. "पोरगं निम्मं वाळलंय माजं, आन् तुमी म्हंतायसा कमी करा? तुमास्नी पोरं न्हाईत व्हय?" मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. माझ्याच पानात एवढं तूप वाढलं की वजनकाट्यावर मी गेले असते तर मीच बाद झाले असते. पोराचं वजन शेवटी तो हॉस्टेलवर राहिला तेव्हा उतरलं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण कुणी मला विचारलं, की बाई, ह्या कामात तुम्ही काय शिकलात, तर मी संग्रामचंच सांगते.

त्या वर्षी पुण्याहून निरोप आला, उजवा कोपरा हवा आहे. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरचा एक गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढाई करून आत येतो, आणि आपले सात जण त्याला पकडायला अर्धवर्तुळात उभे राहतात. दोन्ही टोकांना जे उभे असतात ते कोपरे. चढाई करणारा माघारी वळला की कोपऱ्यानं झेप घेऊन त्याचा घोटा धरायचा. एक क्षण आधी गेला तर तो उडी मारून निघून जातो. एक क्षण उशिरा गेला तर हातात नुसती हवा येते. कोपऱ्याच्या शेजारी जो उभा असतो, त्याला 'इन' म्हणतात. तो कोपऱ्याचा हात धरून उभा असतो आणि पुढं मागं दोघं मिळून सरकतात. प्रेक्षकांत त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं.

संग्रामचं नाव मात्र सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मलकापूरच्या पुढं त्याचं गाव, घरी म्हशी, शिकायला कोल्हापुरात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी त्याला पहिल्यांदा बघितलं आणि हातातले शेंगदाणे तसेच राहिले. काय ती झेप! घाई नाही, गोंधळ नाही, समोरचा वळायचा आणि हा त्याच्या पायाशी असायचा. मी स्वतः उजव्या कोपऱ्यात आयुष्य घालवलेलं, माझी नजर दुसरीकडं जाणार कुठं? वर्षभर जिथं जिथं त्यांचं कॉलेज खेळलं तिथं मी गेले. संघाचा एक माणूस व्हिडिओ काढायला आला होता, त्यानंही त्याच्या पकडींचे तुकडे जोडून पुण्याला पाठवले. सगळ्यांचं एकमत झालं.

रिवाजाप्रमाणं त्याच्या घरीही जाऊन आले. पोरगं बघायचं तर घर बघावं लागतं. त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, गोठ्यातनं हात पुसत बाहेर आले. "या की बाई. बसा. चहा घेनार का दूध?" माणूस सरळ, पण बोलणं तोडून. गावातलं दूध गोळा करून सकाळ-संध्याकाळ मलकापूरला पोचवायची गाडी त्यांची, आणि ती चालवून त्यांची कंबर गेलेली. "ह्येला मी एक वरीस दिलंय," संग्रामकडं न बघता ते म्हणाले. "तुमच्यात घेतला तर घेतला. न्हाईतर गाडीवर बसायचं. मग कबड्डी न्हाई आन् फिबड्डी न्हाई." संग्राम दारात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मी म्हटलं, "आबा, त्याला घेणारच." इतकं ठामपणे म्हटलं मी!

संग्राम पुण्याच्या शिबिराला गेला त्याला चार दिवस झाले आणि परब सरांचा फोन आला. परब सर आमचे प्रशिक्षक, मूळचे कोकणातले, फार हळू बोलतात. रागावले की आणखी हळू. "बाई, तुमचा मुलगा फारच उतावळा आहे हो."

"संग्राम? उतावळा?"

"समोरचा आत आला नाही की हा उडालाच. एक घोटा धड मिळालेला नाही. तुम्ही पाठवलेला तो हाच ना?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची एसटी धरली. वाटेत मनात नाही नाही ते आलं. पोरगं आजारी आहे की काय, मॅटला घाबरलं की काय. जाऊन बघते तर परब सर म्हणत होते ते खरंच. संग्राम झेपावत होता आणि चढाई करणारी पोरं त्याच्यावरून आरामात उड्या मारून जात होती. माझा संतापानं जीव गेला. मैदानातनं बाहेर आल्याबरोबर मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, काय चाललंय काय? गाढवासारखा पळत सुटतोयस! थांबता येत नाही तुला?"

"न्हाई बाई," तो म्हणाला. खाली मान घालून. "थांबताच यीना झालंय."

मी म्हटलं, "उभा राहा बघू. पकडीला राहतोस तसा." तो वाकून उभा राहिला. मी त्याच्याभोवती फेरी मारली. पाय बरोबर, कंबर बरोबर, उजवा हात बरोबर. डावा हात मात्र मागं गेलेला, तळवा खाली, मनगट जरा वर. शेजारी तर कुणीच नव्हतं.

"तो हात कुणाला देतोयस?"

त्यानं वळून स्वतःच्या हाताकडं बघितलं. जणू आत्ताच दिसला असा. मग म्हणाला, "इरफानला."

इरफान म्हणजे कॉलेजच्या संघात त्याच्या शेजारी उभा राहणारा, त्याचा इन. कोल्हापूरजवळच्या उचगावचा. सगळे इन कोपऱ्याची बोटं बोटांत गुंतवून उभे राहतात, इथं शिबिरातही तीच पद्धत. इरफान बोटं धरायचा नाही, मनगट धरायचा. संग्राम सांगायला लागला. "मी निघालो की त्यो आवळायचा बाई. मग मी थांबायचो. त्यानं सोडला की जायाचो. अकरावीपास्नं तसंच खेळलोय. इथला पोरगा बोटं धरतोय. त्यातनं कायच कळत न्हाई."

म्हणजे वर्षभर मी जी घाई नसलेली झेप बघून खूष होत होते, तिचा क्षण ठरवणारा शेजारी उभा होता आणि मी त्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. व्हिडिओवाल्यानं तर प्रत्येक तुकडा झेपेपासूनच कापलेला. त्याच्या आधी मनगट सुटलं, ते कुणालाच दिसलं नाही. कबड्डीवाल्यांनीच करावी अशी ही चूक. झेप घेणारा दिसतो, धरणारा दिसत नाही.

"त्याला बोलवा बाई," संग्राम म्हणाला.

"बोलवते. पण एक सांगते, नीट ऐक. जागा एक आहे. तो आला आणि सरांना तोच आवडला तर?"

 हे न कळण्याएवढा संग्राम खुळा नव्हता. घरी आबांनी दिलेलं वर्ष संपत आलेलं, वयाची अट आणखी एकदाच बसणार होती. तो म्हणाला, "आवडंल तर आवडंल. असं उतावळा म्हनून परत जायाचं, त्यापरीस बरं."

मी आल्या पावली उचगावला गेले. इरफानच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, जिने, खिडक्यांचे गज. कॉलेज संपल्याबरोबर इरफान तिथं कामाला लागला होता. बारीक अंगाचा, शांत पोरगा. डोळ्यांवरचा वेल्डिंगचा काळा मुखवटा वर करून त्यानं मला ओळखलं. त्याचे अब्बा मोठे बोलके. "बाई, बसा बसा. खुर्ची पुसून दे रे. कबड्डीवाल्या बाई ह्याच का? अहो, ह्याला लहानपणापास्नं मनगट धरायचीच खोड. धाकट्याला शाळेत न्यायचा तो मनगटाला धरून. पोरगं रडायचं, पण रस्ता वलांडल्याबिगर ह्यो सोडायचा न्हाई."

मी इरफानला विचारलं, "तुला कसं कळतं रे, कधी सोडायचं ते?"

त्याला प्रश्नच नवीन होता. त्यानं हातातला लोखंडी तुकडा खाली ठेवला आणि विचार केला. "पुढचा पाय सगळीच बघत्यात बाई. मी मागचा बघतो. मागची टाच टेकली की त्यो माघारी फिरनार. तवा सोडायचं."

मी उजव्या कोपऱ्यात इतकी वर्षं खेळले, पण हे इतकं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"चल पुण्याला," मी म्हटलं.

"संग्रामसाठी येतो," तो म्हणाला. "दोन दिस. वारणेच्या बाजूला एक गेट पोचवायचंय, त्याच्या आत परत येनार."

दोघं शेजारी उभे राहिले आणि शिबिराचं सगळं चित्र पालटलं. चढाई करणारी मोठी मोठी पोरं आत येत होती आणि संग्राम त्यांना घोट्याला धरून आडवं करत होता. मैदानाबाहेर बसलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी परब सरांकडं अशी बघत होते की बघा, म्हटलं नव्हतं? पण परब सर मुरलेले. त्यांनी मान हलवली आणि हळूच सांगितलं, "आता बदला." इरफानला दुसऱ्या कोपऱ्याशेजारी उभं केलं, संग्रामला दुसऱ्या इनशेजारी. तो दुसरा कोपरा शिबिरातला आधीचाच, साधारण पोरगा. इरफाननं त्याचं मनगट धरलं आणि बघता बघता तो साधारण पोरगा भारी दिसायला लागला. पलीकडं संग्राम परत हवेत उड्या मारत होता.

संध्याकाळी परब सरांनी मला बोलावलं. "बाई, मी कोपरा मागितला होता. पण कोपरे माझ्याकडं आहेत. त्यांना थांबवणारा नव्हता. हा मुलगा मी ठेवतो." मग म्हणाले, "तुमच्या त्या दुसऱ्याला वाईट वाटेल."

वाईट मलाच वाटलं. रडायलासुद्धा जमेना, कारण राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. परब सरांचं काही चुकलं नव्हतं. इरफानचं तर मुळीच नाही.

इरफान मात्र अडूनच बसला. जेवणाच्या खोलीत ताटावर बसून दोघांचं जुंपलं. इरफान म्हणाला, "मी ह्येच्यासाठी आलतो. ह्येची जागा खाऊन बसू व्हय? मला न्हाई जमायचं." संग्राम तांबडालाल झाला. "माजी जागा हायच कुठं? तुला दिसतंय न्हवं, मी काय खेळलो ते? उगं माज्यावर उपकार करू नको!" शेजारच्या टेबलावरची पोरं घास तसेच धरून बघत होती. इरफान उठायला लागला तसं संग्रामनं त्याचं मनगट धरून खाली बसवलं. "बस. जेव. आन् उद्या सरास्नी व्हय म्हन. न्हाई म्हनलास तर उचगावला येऊन दुकानात मारीन." इरफान बसला. दोघंही जेवले नाहीत, पण उठलेही नाहीत.

परतीच्या एसटीत संग्राम माझ्याशेजारी होता. कऱ्हाड येईपर्यंत तो खिडकीतनं रस्ता बघत होता. मग म्हणाला, "क्लच जड हाय त्या दुधाच्या गाडीचा."  मी पुडीतले शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

आबांनी शब्द पाळला. पोरगं दुसऱ्याच दिवशी गाडीवर. मी जाऊन खूप वाद घातला, की आबा, अजून एक संधी आहे, वय बसतंय. आबा म्हणाले, "बाई, तुमी त्याला घेनारच म्हनलासा. घेतला का? मग माझं मी बघतो." गावच्या रविवारच्या खेळाला तेवढी त्यांची आडकाठी नव्हती. निघताना मी संग्रामला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "गावच्या संघात रविवारचा खेळतोस तसा खेळ. पण डावा हात चड्डीच्या नाडीत खोवून खेळ. कुणाला द्यायचाच नाही."

"हात खोवून? लोक हसतील की."

"हसू देत. आणि पुढचा पाय बघू नकोस, मागची टाच बघ. इरफान तीच बघतो."

लोक हसलेच. मी स्वतः दोन गावांत जाऊन बघितलं. हा नाडीत हात खोवून उभा, झेप घ्यायचा आणि तोंडावर पडायचा. मैदानाकडेचे टपलेलेच. "आरं ए कोपऱ्या, घाई कसली? घरात दूध उतू जातंय व्हय?" एकदा तर त्याच्याच गावच्या कप्तानानं त्याला बाहेर बसवला. पण रविवार आला की तो परत नाडीत हात खोवून उभा राहायचा. पावसाळा संपत आला तसं त्याचं पडणं कमी झालं, हे मला दिसत होतं. तरी मी परब सरांना काही कळवलं नाही. गावच्या चढाया आणि लीगच्या चढाया ह्यांत फार अंतर असतं, आणि एकदा तोंडघशी पडलेल्या माणसानं दुसऱ्यांदा जरा सबुरीनं घ्यावं.

मग लीग सुरू झाली. इरफान पहिल्यांदा सातांत उतरणार होता, त्या दिवशी संग्रामचा फोन आला, "बाई, घरी या. हितंच बघूया." मी दुपारीच गेले. संध्याकाळची धार काढून झाली, दूध पोचवून संग्राम परत आला, हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसला. आबा बाजेवर, आई भाकरीचं पीठ मळता मळता दारात. गल्लीतली चार-सहा पोरं जमिनीवर. टीव्हीवर इरफान दिसला तसा सगळ्यांनी एकच आरडाओरडा केला. त्यानं शेजारच्या कोपऱ्याचं मनगट धरलं होतं. बोटं नाही.

पहिली चढाई झाली, दुसरी झाली. तेव्हा माझ्या कानावर आलं. संग्राम स्वतःशी पुटपुटत होता. "थांब... थांब... थांब... सोड." आणि टीव्हीत इरफानचा हात उघडला, कोपरा झेपावला, घोटा मिळाला. पोरं ओरडली. संग्राम ओरडला नाही. पुढच्या चढाईला परत तेच. "थांब... सोड." परत हात उघडला. मी टीव्ही बघायचं सोडून त्याच्याकडंच बघायला लागले.

त्याच्यानंतरच्या चढाईत समोरचा पट्टीचा गडी होता. संग्राम म्हणाला, "सोड." इरफानचा हात मिटलेलाच होता. क्षणभरानं उघडला, कोपरा गेला, पण चढाई करणारा मध्यरेषेला बोट लावून निघून गेला. घरात सगळे हळहळले.

"इरफाननं उशीर केला," संग्राम म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसतं दिसलं ते सांगितलं.

त्यांनी ती चढाई हळू करून परत दाखवली. मी चष्मा लावून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले. मागची टाच मॅटला टेकली होती आणि इरफानची मूठ अजून आवळलेली होती. पोरगं बरोबर बोललं होतं. इरफानच्याही आधी ह्याला दिसलं होतं! मला इतका आनंद झाला की मी जवळ बसलेल्या पोराच्या पाठीत धपाटाच घातला. ते बिचारं कळवळलं.

सामना संपायची वाट न बघता मी अंगणात जाऊन परब सरांच्या मदतनिसाला फोन लावला, त्यानं सामना संपल्यावर जोडून दिला. मी म्हटलं, "सर, तो उतावळा पोरगा. पुढच्या शिबिराला परत बघा."

पलीकडं नुसता गोंगाट. मग परब सर, अगदी हळू. "कुणाचा हात धरून खेळणार तो?"

"कुणाचाच नाही."

"तुम्ही मागच्या वेळी पण खात्रीनं सांगितलं होतं, बाई."

"त्या वेळी मी त्याच्याकडंच बघत होते. ह्या वेळी त्याला काय दिसतं ते बघितलंय."

ते म्हणाले, "पाठवा. पण रोज सकाळी पळायला सांगा. दम लागतो त्याला."

आत आले तर सगळे माझ्याकडं बघत होते, माझं बोलणं दारापर्यंत ऐकू गेलेलं. मी म्हटलं, "परत बघतो म्हणालेत. घेतो म्हणाले नाहीत." ह्या वेळी शब्द जपून वापरले. "रोज सकाळी पळायला लागेल म्हणालेत."

संग्राम उठून उभा राहिला आणि परत खाली बसला. सकाळी तर गाडी असते. त्यानं आबांकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही. आईनं परातीतले हात थांबवले. टीव्हीवर कसलीतरी जाहिरात मोठ्या आवाजात चालली होती आणि ती बंद करायला कुणी उठेना.

आबांनी कमरेला हात लावून बाजेवरनं पाय खाली सोडले. खुंटीवर गाडीची किल्ली टांगलेली होती, ती काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"उद्यापास्नं सकाळची गाडी मी न्हेतो," ते म्हणाले. "ह्येनं पळाय जावं."